गोदाम शिल्लक अहवाल: कर्सरमधल्या तुकड्यांचा एक निकालसंच (प्रकल्प नोंदी)

४ जून

तक्रार अशी आली: "शिल्लक अहवालात फक्त पहिलंच गोदाम दिसतं." रिपोर्टवाल्यांनी त्यांच्याकडचे फिल्टर तपासले, काही सापडलं नाही, मग प्रकरण डेटाबेसकडे सरकवलं.

अहवालाची प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड, आपल्याकडे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर) उघडली. जुनी आहे, पण वाचता येते. वर गोदामांच्या टेबलावर कर्सर, म्हणजे एकेक ओळ घेत पुढे जाणारी यंत्रणा. आत लूप, त्यात दोन-चार व्हेरिएबल भरली जातात आणि शेवटी त्या गोदामाची मालनिहाय शिल्लक दाखवणारा सिलेक्ट (ओळी वाचणारी क्वेरी). मग पुढचं गोदाम आणि परत तोच सिलेक्ट. लिहिणाऱ्याने ती मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरी चालवायचं साधन) चालवून पाहिली असणार आणि तिथे ती व्यवस्थितच दिसते: गोदामागणिक एक ग्रिड, एकाखाली एक. बघणाऱ्याला तो एकच लांबलचक तक्ता वाटतो. पण लूपमधला प्रत्येक सिलेक्ट हा वेगळा निकालसंच (क्लायंटला परत जाणारा एक स्वतंत्र तक्ता) असतो. लूप जितके फेरे घेईल तितके निकालसंच क्लायंटकडे एकामागून एक जातात.

क्लायंटने मागितले तर पुढचे मिळतातही. डॉटनेटच्या डेटा रीडरवर त्यासाठी नेक्स्टरिझल्ट आहे, जावामध्ये गेटमोअररिझल्ट्स. आपलं रिपोर्टिंग टूल पहिला निकालसंच घेतं आणि तिथेच थांबतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, अहवालाला एकच तक्ता लागतो.

"क्लायंटमध्येच सगळे वाचून जोडून घेऊ" अशी सूचना बैठकीत आली. माझं मत: नको. हीच प्रोसीजर एक्सेल एक्स्पोर्टलाही लागते आणि रात्रीच्या जॉबलाही. एकीकडे जोडलं तरी बाकीचे दोघे तुटकंच वाचत राहणार. तुकडे जिथे पडतात तिथेच सांधायचे.

५ जून

नीट दुरुस्ती व्हायला वेळ लागणार आणि अहवाल तर आजच हवा. त्यासाठी जुन्या प्रोसीजरला हातही न लावता चालणारी एक वाट आहे. बाहेरून एक पातळ प्रोसीजर लिहायची:

क्रिएट टेबल #निकाल (गोदाम, माल, शिल्लक, दर)
इन्सर्ट इंटू #निकाल एक्झेक जुनी_शिल्लक
सिलेक्ट गोदाम, माल, शिल्लक, दर फ्रॉम #निकाल

इन्सर्ट-एक्झेक (प्रोसीजरचा निकाल थेट टेबलात भरणं) बद्दल अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे आतली प्रोसीजर कितीही निकालसंच देवो, सगळ्यांची रचना सारखी असेल तर सगळेच्या सगळे त्या टेबलात जमा होतात. इथे रचना सारखीच आहे, कारण तोच सिलेक्ट पुनःपुन्हा चालतो. दुपारपर्यंत अहवालात सगळी गोदामं आली.

हे तात्पुरतंच, असं फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवलं. याची कारणं तिथेच नोंदवली आहेत. आतल्या प्रोसीजरमध्ये उद्या कुणी एखादा कॉलम वाढवला की २१३ क्रमांकाची एरर येणार: दिलेल्या किमती टेबलाच्या रचनेशी जुळत नाहीत. आत कुठे रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) असेल तर तोही इन्सर्ट-एक्झेकखाली चालत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण, एकात एक इन्सर्ट-एक्झेक करता येत नाही. ८१६४ म्हणून सर्व्हर सरळ नकार देतो. म्हणजे ही नवी प्रोसीजर दुसऱ्या कुणाला अशाच पद्धतीने वापरता येणार नाही.

तरी या आवरणाचा पुढे एक उपयोग होणार आहे. नवं काहीही लिहिलं तरी ताडून पाहायला जुन्याचा निकाल आता एका टेबलात मिळतो.

६ जून

आता लूपमध्येच बदल. लूपच्या आधी टेम्प टेबल (# ने सुरू होणारं तात्पुरतं टेबल) बनवायचं, आतल्या सिलेक्टच्या डोक्यावर इन्सर्ट इंटू लावायचा, लूप संपला की एकच सिलेक्ट. ढोबळमानाने इतकंच. खटके बारीकसारीक आहेत.

टेबल लूपच्या बाहेर, क्रिएट टेबलने. सिलेक्ट-इंटू वापरून लूपमध्येच टेबल जन्माला घालायचा मोह होतो, पण पहिल्या फेरीत चालतं आणि दुसऱ्या फेरीत २७१४ येते: या नावाची वस्तू आधीच आहे.

इन्सर्टमध्ये कॉलमांची यादी स्पष्ट लिहायची. सिलेक्टमध्ये तारांकन (सगळे कॉलम) चालणार नाही.

सेट नोकाउंट ऑन सगळ्यात वर. नाहीतर प्रत्येक इन्सर्टमागे 'इतक्या ओळींवर परिणाम' असा निरोप जातो, आणि एक्सेल एक्स्पोर्ट ज्या जुन्या एडीओवर (मायक्रोसॉफ्टची डेटा वाचायची लायब्ररी) चालतो त्याला तो निरोपही एक बंद रेकॉर्डसेट वाटतो. एवढं सगळं करून त्याला पुन्हा पहिला, रिकामा निकालच मिळायचा.

मजकुराच्या कॉलमांना कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट. आपला डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवरून आणून बसवलेला आहे, त्याचं कोलेशन (मजकुराची तुलना करायचे नियम) सर्व्हरपेक्षा वेगळं. क्रिएट टेबलने बनवलेल्या टेम्प टेबलाचे मजकुराचे कॉलम टेम्पडीबीचं (तात्पुरत्या टेबलांचा सर्व्हरचा डेटाबेस) कोलेशन घेतात, आणि मूळ टेबलाशी जॉइन करायला गेलं की ४६८: कोलेशन जुळत नाहीत. टेस्ट सर्व्हरवर दोन्ही कोलेशन सारखी असल्याने तिथे हे कधीच दिसलं नसतं.

टेम्प टेबल की टेबल व्हेरिएबल (टेबलासारख्या ओळी ठेवणारं व्हेरिएबल), यावर थोडी चर्चा झाली. आपला सर्व्हर २०१६ चा. टेबल व्हेरिएबलात किती ओळी आहेत याचा अंदाज प्लॅन बनवताना एकच धरला जातो. त्यात सुधारणा आली ती २०१९ मध्ये, तीही कंपॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर. पुढे या निकालाला मालाच्या मोठ्या टेबलाशी जॉइन करायचं आहे, तेव्हा टेम्प टेबलच. चर्चा संपली.

एका सहकाऱ्याच्या जुन्या ब्रांचमध्ये टेबल व्हेरिएबल लूपच्या आत डिक्लेअर केलेलं सापडलं. त्याची समजूत अशी की दर फेरीला ते कोरं होतं. तसं होत नाही. डिक्लेअर कुठेही लिहा, व्हेरिएबलची व्याप्ती पूर्ण बॅचभर असते आणि आधीच्या फेरीतल्या ओळी तशाच राहतात. पहिल्या गोदामाचा माल पहिल्या फेरीत एकदा, दुसऱ्या फेरीत पुन्हा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरची भाषा) कंसाच्या जोडीसारखं दिसणारं बिगिन-एंड व्हेरिएबलांना आवरत नाही.

९ जून

टेस्टिंग करणाऱ्या बाईंनी एक विचित्र गोष्ट दाखवली: "मॅडम, या दोन गोदामांत या मालाचा दर अगदी पैशापर्यंत सारखा कसा? दुसऱ्या गोदामात तर हा माल आत्ताच सुरू झालाय, त्याचा दर अजून भरलेलाच नाही."

शोध लागला आणि हा बग आमच्या कामाआधीपासूनचा निघाला. लूपमध्ये असं आहे:

सिलेक्ट @दर = दर फ्रॉम दरपत्रक व्हेअर गोदाम = @गोदाम अँड माल = @माल

दरपत्रकात जुळणारी ओळ असेल तर ठीक. नसेल तर काय होतं? अनेकांचं उत्तर येईल: @दर नल (किंमतच नसलेला) होतो. तसं होत नाही. ओळच सापडली नाही तर नेमणूकच घडत नाही आणि व्हेरिएबलात आधीचा दर तसाच बसून राहतो. दर शोधणारा कर्सर मालानुसार, मग गोदामानुसार फिरतो, त्यामुळे 'आधीचा' म्हणजे शेजारच्या गोदामातल्या त्याच मालाचा दर. आकडा पटण्यासारखा, म्हणून कुणाला शंका आली नाही. वेगवेगळ्या ग्रिडमध्ये तर तो दिसणं जवळजवळ अशक्यच होतं. सगळ्या ओळी एका टेबलात, मालानुसार लावून समोर आल्या तेव्हा एकाखाली एक सारखे आकडे डोळ्यांत भरले.

लूपच्या आत नुसतं डिक्लेअर @दर असतं तरी काम झालं नसतं, कारण ६ तारखेला लिहिलं तेच: डिक्लेअरने व्हेरिएबल कोरं होत नाही. डिक्लेअर @दर ... = नल असं किमतीसह लिहिलं तर मात्र दर फेरीला नेमणूक होते. दुसरा मार्ग सेट @दर = (सिलेक्ट ...) असा. ओळ नसेल तर नल मिळतं आणि चुकून दोन ओळी सापडल्या तर एरर येते. मला हा दुसरा मार्ग आवडतो. पहिल्या पद्धतीत दोन ओळी सापडल्या तर कुठली तरी एक उरते आणि तुम्हाला कळतही नाही.

आता प्रश्न तांत्रिक राहिला नाही. दर नसलेल्या मालाचं मूल्य अहवालात शून्य दाखवायचं की रिकामं? शून्य दाखवलं तर एकूण मूल्य कमी दिसेल आणि कारण कळणार नाही. मी रिकामं ठेवून 'दर नाही' असा वेगळा कॉलम सुचवला. हिशोबवाल्यांना लिहून विचारलं आहे. आकडे बदलणार आहेत, तेव्हा त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत हा भाग लाइव्ह करायचा नाही.

१० जून

हिशोबवाल्यांचा होकार आला: रिकामं ठेवा, वेगळा कॉलम द्या.

कर्सरची घोषणा सुधारली. काहीच न सांगता डिक्लेअर केलेला कर्सर आपल्या सेटिंगप्रमाणे ग्लोबल होतो, म्हणजे प्रोसीजर संपली तरी कनेक्शनवर जिवंत राहतो. मधेच एरर येऊन क्लोज आणि डीअॅलोकेट राहून गेलं की त्याच कनेक्शनवर पुढच्या वेळी १६९१५: या नावाचा कर्सर आधीच आहे. अहवाल 'कधी कधी' पडतो अशी जुनी तक्रार होती, तिचं मूळ बहुधा इथेच. लोकल लिहिलं की प्रोसीजर संपताच तो आपोआप जातो.

फास्ट_फॉरवर्ड की स्टॅटिक? नुसतं वाचायचं असतं तर फास्ट_फॉरवर्ड (फक्त पुढे जात वाचणारा). पण हा लूप जाता जाता गोदामांच्या त्याच टेबलात 'शेवटची तपासणी' ही तारीख अपडेट करतो. ज्या टेबलातून वाचतोय त्यातच लिहायचं म्हटलं की जरा सावध राहावं. १९७६ साली आयबीएममध्ये सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसवर काम करणारे डॉन चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन अॅस्ट्राहन यांना हेच दिसलं होतं: २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांना दहा टक्के वाढ द्यायची क्वेरी, आणि वाढ मिळालेली ओळ इंडेक्सवर पुढे सरकून पुन्हा समोर येई, पुन्हा वाढ घेई, थेट सगळे २५,००० ला पोचेपर्यंत. तो दिवस हॅलोविनचा होता म्हणून आजही हॅलोविन प्रॉब्लेम म्हणतात. साध्या अपडेटमध्ये इंजिन स्वतःच याची काळजी घेतं, पण लूप आपण हाताने लिहिला की ती जबाबदारी आपल्यावर येते. स्टॅटिक कर्सर सुरुवातीलाच टेम्पडीबीत प्रत काढून घेतो. गोदामांची यादी लहान आहे, प्रत परवडते. लोकल स्टॅटिक.

फेचची (कर्सरमधून पुढची ओळ घेणं) जागाही बदलली. आधी एक फेच लूपच्या वर आणि एक लूपच्या तळाशी होता, मधे एका अटीवर कंटिन्यू. ती अट लागली की तळाचा फेच टळतो आणि तीच ओळ अनंतकाळ. आता व्हाइल १ = १, आत सगळ्यात आधी फेच, लगेच @@फेच_स्टेटस शून्य नसेल (म्हणजे ओळ मिळाली नाही) तर ब्रेक. फेच एकच आणि स्टेटसची तपासणी त्याला चिकटून. हे चिकटून असणं महत्त्वाचं, कारण @@फेच_स्टेटस कनेक्शनवरच्या सगळ्या कर्सरांसाठी एकच असतं. मधे कुठल्या ट्रिगरने (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) स्वतःचा कर्सर फिरवला तर आपण त्याचं स्टेटस वाचत बसतो.

१२ जून

टेम्प टेबलाचा लूप लाइव्ह. आवरण काढलं. एक्सेल आणि रात्रीचा जॉब दोन्ही ठीक.

१६ जून

आता लूप हवाच का, हा प्रश्न. कर्सर वाईट म्हणून तो काढायचा, या धर्मयुद्धात मला रस नाही. लूपमधली कुठली गोष्ट आधीच्या फेरीवर खरोखर अवलंबून आहे, एवढंच पाहायचं. तशी एकही नसेल तर इंजिनला सगळं एकदम सांगणं केव्हाही बरं.

लूप तीन कामं करतो. शिल्लक काढणं, शेवटचा दर शोधणं आणि मागणीला लॉट वाटून देणं.

शिल्लक म्हणजे आवक उणे जावक, गोदाम आणि मालानुसार. हा साधा ग्रुप बाय (गटागटाने बेरीज) आहे. लूपची गरज कधीच नव्हती.

शेवटचा दर: प्रत्येक गोदाम-मालासाठी तारखेप्रमाणे सगळ्यात अलीकडची एक ओळ. यासाठी अॅप्लाय (प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी चालवून जोडणं), टॉप १ आणि ऑर्डर बाय. क्रॉस अॅप्लाय लिहिलं असतं तर दर नसलेल्या मालाची ओळच गायब झाली असती. ९ तारखेला जो माल सापडला नेमका तोच. म्हणून आउटर अॅप्लाय. दरपत्रकावर गोदाम, माल, तारीख असा इंडेक्स होता का ते पाहिलं. नव्हता. घातला.

तिसरं काम उद्या-परवा, ते मनाजोगतं आहे.

१८ जून

लॉटवाटप. नियम असा की जो लॉट आधी आला तो आधी संपवायचा. जुन्या कोडमध्ये लूपच्या आत आणखी एक लूप: उरलेली मागणी एका व्हेरिएबलात, प्रत्येक लॉटमधून निघेल तेवढं काढायचं, मागणी कमी करायची, शून्य झाली की थांबायचं. इथे पुढची फेरी आधीच्या फेरीवर अवलंबून दिसते. पण ते अवलंबित्व फक्त 'आत्तापर्यंत किती गेलं' एवढंच आहे, आणि ते धावत्या बेरजेने मिळतं. २०१२ पासून सम ... ओव्हर (... ऑर्डर बाय ...) आहेच.

कागदावर मांडलं. लॉट ६०, ५०, ४०. मागणी १२०. धावती बेरीज ६०, ११०, १५०.

बेरीज मागणीच्या आत असेल तर लॉट पूर्ण घ्यायचा: ६० आणि ५०. बेरीज मागणीपलीकडे गेली पण त्या लॉटच्या आधीची बेरीज मागणीपेक्षा कमी असेल तर फरक घ्यायचा: तिसऱ्या लॉटच्या आधी ११० झाले, म्हणून १२० वजा ११०, म्हणजे १०. त्यापुढचे सगळे लॉट शून्य. ६० + ५० + १० = १२०. जमलं. एका केस एक्स्प्रेशनमध्ये (अटींनुसार किंमत देणारं) बसतं.

आता यातली मेख. दुसरा आणि तिसरा लॉट एकाच तारखेचे असतील तर? मुद्दाम तसाच डेटा घेऊन पाहिलं. ऑर्डर बाय फक्त तारखेवर असेल आणि फ्रेम (बेरजेत कुठल्या ओळी धरायच्या ते) लिहिलीच नसेल तर सर्व्हर रेंज ही फ्रेम धरतो, आणि रेंजमध्ये एकाच तारखेच्या सगळ्या ओळींना एकच बेरीज मिळते. मग बेरीज येते ६०, १५०, १५०. दुसऱ्या लॉटच्या आधीची बेरीज १५० वजा ५०, म्हणजे १००. त्याच्यातून २० निघाले. तिसऱ्याच्या आधीची १५० वजा ४०, म्हणजे ११०. त्यातून १०. एकूण ६० + २० + १० = ९०. मागणी १२०, माल गोदामात १५०, आणि अहवाल म्हणतो ९० च देता येतील. एररही येत नाही.

म्हणून फ्रेम स्पष्ट लिहायची: 'रोज अनबाउंडेड प्रिसीडिंग' (रोज म्हणजे इथे ओळी, इंग्रजी rows). आणि ऑर्डर बायमध्ये तारखेमागून लॉट क्रमांक. नुसतं 'रोज' फ्रेम लिहिली तर एकूण १२० बरोबर येईल, पण एकाच तारखेच्या दोन लॉटांपैकी आधी कुठला ते सर्व्हरच्या मर्जीवर. सकाळचा अहवाल आणि दुपारचा अहवाल वेगळे लॉट दाखवतील. 'रोज' फ्रेम वेगाच्या दृष्टीनेही बरी, कारण रेंजची बेरीज टेम्पडीबीतल्या वर्कटेबलातून जाते.

हे लिहून झाल्यावर आतला लूप अख्खाच्या अख्खा गेला. खरं सांगायचं तर या प्रकल्पात मला सगळ्यात समाधान इथे मिळालं.

२० जून

दोन छोट्या गोष्टी.

जुन्या वर्षांच्या नोंदी वर्षागणिक वेगळ्या टेबलात आहेत. लूप टेबलाचं नाव जोडून डायनॅमिक एसक्यूएल चालवत असे. टेबलं मोजकी आणि वर्षातून एकच वाढते, तेव्हा एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) केला, युनियन ऑलने जोडलेला. कोड बघताना "ऑल काढलं तर डुप्लिकेट जातील ना?" असा प्रश्न आला. जातील, आणि खरे व्यवहारही जातील. एकाच दिवशी, त्याच मालाच्या, तेवढ्याच नगांच्या दोन आवक नोंदी या दोन खऱ्या गाड्या असू शकतात, आणि त्या टेबलांत नोंद क्रमांक नाही. युनियन त्यातली एक गिळून टाकेल. शिवाय डुप्लिकेट शोधण्याचा खर्च वेगळा.

दुसरं, लॉट क्रमांक स्वल्पविरामाने जोडून एका ओळीत हवेत. स्ट्रिंग_अॅग २०१७ पासून, आमच्याकडे नाही. फॉर एक्सएमएल पाथ आणि स्टफची जुनी युक्ती वापरली, 'टाइप' हा पर्याय लावून, नाहीतर लॉटच्या नावातली अँडची खूण एक्सएमएलच्या सांकेतिक रूपात बाहेर येते. @यादी = @यादी + लॉट असं सिलेक्टमध्ये जोडत जाणारा कोड कुठे दिसला तर तो काढायचा, त्यात ऑर्डर बाय आला की निकालाची हमी नाही.

२३ जून

नवी मागणी: वाटेतला मालही याच अहवालात हवा. तो दुसऱ्या टीमच्या प्रोसीजरमधून मिळतो, आणि ती एका वेळी एकच गोदाम घेते. म्हणजे इथे लूप परत आला. प्रोसीजरला अॅप्लाय लावता येत नाही.

लूपमध्ये इन्सर्ट-एक्झेक लावलं आणि ८१६४ आली. त्यांच्या प्रोसीजरच्या आतही एक इन्सर्ट-एक्झेक आहे. ५ तारखेला ज्याची भीती नोंदवली होती तेच, फक्त उलट्या बाजूने.

त्यांना दोन पर्याय दिले. तर्क इनलाइन टेबल फंक्शनमध्ये (टेबलासारखं क्वेरीत वापरता येणारं फंक्शन) हलवा, म्हणजे आम्ही क्रॉस अॅप्लाय करू आणि लूपच नको. किंवा #वाटेतला नावाचं टेम्प टेबल आधीच अस्तित्वात आहे का ते ऑब्जेक्ट_आयडीने तपासा आणि असेल तर निकाल त्यातच टाका. बोलावणाऱ्याने बनवलेलं टेम्प टेबल आतल्या प्रोसीजरला दिसतं, उलट दिसत नाही. आत बनवलेलं आत संपतं. फंक्शनचा पर्याय मला जास्त पसंत होता, पण त्यांची प्रोसीजर मधे एका लॉग टेबलात नोंद करते आणि फंक्शनमधून टेबलात लिहिता येत नाही. तेव्हा दुसरा पर्याय. दोन टीममध्ये टेम्प टेबलाच्या नावाचा अलिखित करार राहणं मला आवडत नाही, म्हणून तो लिखित केला: दोन्ही प्रोसीजरच्या माथ्यावर टेबलाचे कॉलम आणि प्रकार, शब्दशः सारखे.

तर एक लूप राहिला. लोकल, स्टॅटिक, एकच फेच. याला काढायचा आग्रह नाही.

२५ जून

जुनं आणि नवं ताडणं. १२ तारखेचा लूप हा आधार, नवी क्वेरी ही उमेदवार. दोन्हींचे निकाल दोन टेबलांत घेतले. एक्सेप्ट (एका निकालातून दुसऱ्याच्या ओळी वगळणं) दोन्ही दिशांनी: जुन्यात आहे पण नव्यात नाही, नव्यात आहे पण जुन्यात नाही. एक्सेप्टची सोय अशी की नल आणि नल तो सारखे मानतो, बरोबरीच्या चिन्हासारखा अडून बसत नाही. त्याची खोट अशी की तो डुप्लिकेट दाबतो. जुन्यात एखादी ओळ दोनदा आणि नव्यात एकदा असेल तर एक्सेप्टला फरक दिसत नाही. म्हणून सगळ्या कॉलमांवर ग्रुप बाय करून मोजणीचा कॉलम घातला आणि मग एक्सेप्ट लावला. दोन्ही दिशांना रिकामं येईपर्यंत हे चालवलं.

एक फरक उरला होता तो क्रमाचा, आणि एक्सेप्टला क्रम कळतच नाही. लूपमध्ये गोदामं कर्सरच्या क्रमाने येत, त्यामुळे जुन्या अहवालाला ऑर्डर बाय नसतानाही एक ठरलेला क्रम असे. नव्या क्वेरीला तसं काही बंधन नाही. शेवटच्या सिलेक्टला गोदामाचा क्रमांक, मालाचा कोड असा ऑर्डर बाय दिला. एक्सेल एक्स्पोर्टमधला एक मॅक्रो ओळींच्या क्रमावर विसंबून आहे असं आज कळलं, तेव्हा हे बरंच झालं.

२७ जून

शेजारच्या प्रकल्पात हाच अहवाल पोस्टग्रेवर हवा आहे, त्यांनी विचारलं की तिकडे हेच सगळं करावं लागेल का. थोडक्यात उत्तर लिहून दिलं. क्वेरी जवळपास तशीच चालेल, अॅप्लायच्या जागी लॅटरल जॉइन. ज्या भागात लूप राहतो तिथे मात्र सोपं आहे: रिटर्न्स टेबल असलेल्या फंक्शनमध्ये लूपच्या आत रिटर्न क्वेरी लिहा. ते फंक्शन संपवत नाही, ओळी निकालात जोडत जातं, आणि शेवटी बोलावणाऱ्याला एकच निकालसंच मिळतो. टेम्प टेबल लागत नाही. फक्त पीएल-पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेची फंक्शन लिहायची भाषा) तो निकाल पूर्ण साठवून मगच परत देतं, तेव्हा ओळी फार असतील तर मेमरीकडे लक्ष ठेवा. ओरॅकल असतं तर पाइपलाइन्ड फंक्शन आणि पाइप रो सांगितलं असतं. मायएसक्यूएलबद्दल कुणी विचारलं नाही, पण तिथे टेम्पररी टेबल एकाच क्वेरीत दोनदा वापरता येत नाही (११३७), हे टेम्प टेबलाची सवय झालेल्यांनी ध्यानात ठेवावं.

३० जून

नवी आवृत्ती लाइव्ह. लॉटवाटप आणि दर क्वेरीत, वाटेतला माल लूपमध्ये, बाहेर येणारा निकालसंच एक. रिपोर्टिंग टूल, एक्सेल आणि रात्रीचा जॉब तिघांचा निकाल ताडून झाला.

१२ तारखेची लूपवाली प्रोसीजर अजून काढलेली नाही. तिचं नाव बदलून मागे _ताडणी लावलं, कुणालाही चालवायची परवानगी नाही, फक्त टेस्टिंगच्या खात्याला. महिनाअखेरीचे हिशोब बंद होतील तेव्हा दोन्ही एकदा शेजारी चालवायच्या, फरक रिकामा आला तर ती ड्रॉप करायची. 'शेवटची तपासणी' ही तारीख अहवालाच्या प्रोसीजरने का लिहावी हा प्रश्न वेगळ्या तिकिटात टाकला आहे. अहवालाने टेबलात काही लिहू नये असं माझं मत तिथे नोंदवलं.